साहेबांची नजर

फिल्म उलटी लागली होती. काळीज उजव्या बाजूला. साहेबांनी ती स्वतःच्या हातांनी उजेडाच्या पेटीवर अडकवली, चष्मा कपाळावर सरकवला, नाक काचेला टेकेल इतके पुढे वाकले आणि म्हणाले, "हृदयाचा आकार नॉर्मल. लिही." घडलं ते एवढंच. एक्सरे काढणारा त्यांच्या डाव्या हाताला कागद घेऊन उभा होता. अठरा वर्षं तो तिथेच उभा राहत आला होता. त्याचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. दारात नवीन डॉक्टरीणबाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. दवाखान्यात येऊन त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांच्याकडे न बघताही त्याला कळलं की त्यांचा कप ओठांपर्यंत जाऊन मध्येच अडला आहे. तेवढ्यात तो हसला. हसू कुठून आलं ते त्यालाही कळलं नाही, ते नेहमी आपोआप यायचं. "काय साहेब, सकाळी सकाळी गरिबाची परीक्षा घेताय होय? मुद्दाम उलटी लावून बघताय, याच्या लक्षात येतंय का!" साहेबांचा चेहरा अर्धा क्षण अगदी कोरा झाला. मग तेही हसले, मोठ्यांदा, खोकला येईपर्यंत. "आलं तर लक्षात! मला वाटलं, झोपलास की काय उभ्या उभ्या." त्यांनी फिल्म काढली, फिरवली, पुन्हा लावली. बाईही हसल्या. पण त्या हसल्या तेव्हा साहेबांकडे बघत नव्हत्या, त्याच्याकडे बघत होत्या.

डार्करूममध्ये शिरून त्याने कडी लावली आणि लाल दिव्याखाली उगाच उभा राहिला. करायला काम काहीच नव्हतं. टाक्यांमधल्या औषधाचा आंबूस वास नाकात भिनला होता, तो त्याला एरवी येतही नसे, आज मात्र आला. साहेबांची नजर अधू झाली आहे हे त्याला ठाऊक होतं. चार वर्षांपासून ठाऊक होतं. बारीकसारीक रेघ, केसाएवढी चीर, बरगडीआड दडलेला एखादा ठिपका त्यांना दिसत नाही, हे त्याने कधीच मनाशी मान्य करून टाकलं होतं, आणि त्यावर उपायही शोधला होता. पण काळीज? मुठीएवढं काळीज उजवीकडे गेलेलं दिसू नये? म्हणजे दिसतं तरी काय? म्हणजे ते नुसते उजेडाकडे बघतात. एक पांढरा चौकोन असणार समोर, त्यात काहीतरी काळं-करडं, आणि कानाशी आपला आवाज. त्याला एकदम आठवलं, आज चार वाजता बायको यायची आहे. तिची फिल्म काढायची आहे.

पहिल्या दिवसांत खोटं काहीच नव्हतं, हे त्याला कोणाला तरी पटवून द्यावंसं वाटत होतं. साहेबांकडे नजर होती. फिल्म ओली, टपटप गळत असताना ते ती खिडकीला धरायचे आणि एका दमात सांगायचे, लहानपणी पडला होता वाटतं हा, खांदा बघ. तो तोंड वासून ऐकायचा आणि म्हणायचा, "साहेब, तुमच्या नजरेला तोड नाही." मनापासून म्हणायचा. साहेबांना ते आवडायचं, आणि त्यांना आवडतं हे बघून त्यालाही म्हणायला आवडायचं. पुढे तेच वाक्य दिवसातून दोनदा झालं, मग चारदा. कंपाउंडर त्याला गोडबोल्या म्हणायला लागला, नर्स म्हणायच्या, "आलं बघा लोणी." त्याने कधी मनावर घेतलं नाही. एखाद्याला बरं वाटावं म्हणून दोन शब्द जास्त बोललं तर कुणाचं काय जातं? शब्द तेच राहिले. त्यांच्याखालून नजर केव्हा निघून गेली, तो दिवस मात्र त्याला आज किती आठवूनही आठवेना. दूध नासतं तेव्हाही आपण समोरच असतो की, पण नेमकं कधी नासलं ते सांगता येत नाही.

मग त्याने ती युक्ती काढली. पहिल्यांदा अगदी सहज सुचली होती. एका म्हाताऱ्याची फिल्म पेटीवर होती, डाव्या फुप्फुसाच्या तळाशी पाणी साचलेलं त्याला स्पष्ट दिसत होतं आणि साहेब "स्वच्छ" म्हणायच्या बेतात होते. साहेबांची चूक काढणं त्याच्या जिभेला जमणारं नव्हतं. तो म्हणाला, "साहेब, मागे तुम्हीच दाखवलं होतं बघा, तळाचा कोपरा असा बोथट झाला की पाणी समजायचं. ते हेच ना?" साहेब थबकले. "हेच. बरं लक्षात ठेवलंस." तेव्हापासून सगळं तसंच चाललं. तुम्ही काल म्हणालात तसं. तुम्ही नेहमी सांगता ना, ते. तुमच्यामुळेच कळायला लागलं, साहेब. तो स्वतःला दिसलेलं साहेबांच्या तोंडी घालायचा आणि वर त्यांच्याच हुशारीची तारीफ करायचा. साहेब लिहायला सांगायचे, तो लिहायचा, साहेब सही करायचे. रोगी बरे व्हायचे, साहेबांच्या पाया पडायचे. यात वाईट ते काय झालं? हा प्रश्न तो चार वर्षं स्वतःला विचारत होता आणि दरवेळी स्वतःच उत्तर देत होता, काही नाही.

लाल उजेडात त्याला आई आठवली. जिन्यावर वडिलांची पावलं वाजली की आईचा आवाज बदलायचा. दिवसभराचा तिचा आवाज जाडाभरडा, कामाचा. तो गळ्यातच कुठेतरी ठेवून ती दुसराच काढायची, मऊ, वर चढलेला. "आलात? तुम्ही नसलात की घर कसं खायला उठतं." वडील पट्टा सैल करत बसायचे आणि तो सैल झालेला पट्टा हातात येणार की खुंटीवर जाणार, ते आईच्या पुढच्या दोन-तीन वाक्यांवर असायचं. तो आणि बहीण दाराआडून ऐकायचे. बहुतेकदा पट्टा खुंटीवर जायचा. लोकांना वाटतं, गोड बोलणारा माणूस काहीतरी उकळायला बघतो. त्याला लहानपणीच कळलं होतं की गोड बोलणारा भ्यालेला असतो. आई वडिलांना भ्यायची हे सरळ होतं. तो साहेबांना कशासाठी भ्यायचा? साहेबांनी कधी आवाजही चढवला नव्हता. त्यांच्या त्या कोऱ्या चेहऱ्याला तो भ्यायचा. सकाळी अर्धा क्षण दिसला होता तो. तो चेहरा पुरता उघडा पडू नये म्हणून तो चार वर्षं बडबडत आला होता, असं त्याला वाटलं.

आणि तो बसचा ड्रायव्हर. त्याच्याबद्दल विचार करायचा नाही असं ठरलेलं होतं, म्हणून तो आठवलाच. धिप्पाड माणूस, जोरात हसणारा. त्या दिवशी एक्सरेवाल्याचं डोकं दुखत होतं, बाहेर गर्दी होती, त्याने फिल्मवरून नजर फिरवली आणि त्याला काही दिसलं नाही. म्हणून तो काही बोलला नाही. म्हणून साहेबांनाही काही दिसलं नाही. आठ महिन्यांनी ड्रायव्हर परत आला तो बायकोच्या खांद्यावर हात टाकून, शर्ट अंगावर झोळीसारखा लोंबत होता. जुनी फिल्म त्याने कपाटातून काढून पाहिली. होतं. डावीकडे वर, बोराएवढं, शांतपणे बसलेलं. साहेब नेहमी म्हणतात ते खरं आहे, छातीचा रोग वेळेत दिसला तर औषधाने जातो, आठ महिन्यांनी दिसला तर सांगता येत नाही. त्याने फिल्म पुन्हा कपाटात ठेवली, सगळ्यात खालच्या खणात, आणि ड्रायव्हर त्यानंतर आला नाही. त्या कपाटात चार वर्षांच्या फिल्म्स आहेत. त्या प्रत्येकीवर एकाच माणसाची नजर फिरली आहे, आणि तो माणूस डॉक्टर नाही.

बायको चारला पाच मिनिटं कमी असताना आली. ती टेलिफोन ऑफिसात कामाला होती, घड्याळाची पक्की आणि तोंडाची त्याहून पक्की. दिवसभर कानाला यंत्र लावून माणसांचे आवाज ऐकून ऐकून तिला कोण खरं बोलतंय आणि कोण थापा मारतंय ते लगेच कळायचं, आणि कळलं की ती तसं सांगायची. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्याने तिच्या स्वयंपाकाची तारीफ केली तेव्हा ती म्हणाली होती, "डाळ खारट झालीय. तुम्हाला कळलंय, मलाही कळलंय. माझ्याशी हा दवाखान्यातला आवाज काढायचा नाही." सोळा वर्षांत तिने त्याला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं आणि एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. आपल्याला त्या घरात इतकी गाढ झोप का लागते, याचं कारण तेच असावं असं त्याला कधीकधी वाटे. दोन महिन्यांपासून ती खोकत होती. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. ब्लाउज सैल झाले होते, ते तिने न बोलता शिवून घट्ट केले होते. ती आत आली, एक्सरेच्या खोलीत इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढुशा खोलीत बसून एवढा रुबाब करता होय?"

त्याने तिला स्टँडपाशी उभं केलं. हनुवटी वर. हात कमरेवर, कोपरं पुढे, खांदे टेकव. थंड पत्रा छातीला लागला तशी ती शहारली. रोज पन्नास माणसांचे खांदे तो असे धरून पुढे लोटायचा, पण या खांद्याचं हाड हाताला लागलं तेव्हा त्याने हात पटकन काढून घेतला. इतकं टोकदार कधी झालं ते? "श्वास घे," पडद्यामागून तो म्हणाला. "धर." खोलीत यंत्राची गुणगुण तेवढी उरली. "सोड." ती सोडायच्या आधीच खोकली, मग म्हणाली, "बाकी लोकांनाही असंच दरडावता का?" साहेब मुद्दाम बाहेर येऊन तिला भेटले. "सूनबाई, तुमची फिल्म मी स्वतः बघणार. दुसऱ्या कोणाला हातसुद्धा लावू देणार नाही." ती नमस्कार करून निघून गेली. तिची त्या दिवसाची ऑफिसातली पाळी संपली होती.

फिल्म औषधात बुडवली की आधी काहीच नसतं. मग कडेने काळं चढायला लागतं, आणि त्या काळ्यातून बरगड्या एकेक करून वर येतात. हजारो वेळा पाहिलेलं हे दृश्य. आज त्याला तिकडे बघवेना आणि नजरही हटेना. काळीज आलं, डावीकडे, जागच्या जागी. छातीखालचा पडदा आला. गळ्याखालचं आडवं हाड आलं. आणि उजव्या बाजूच्या त्या हाडाखाली, हाड आणि पहिली बरगडी एकमेकांवर पडतात तिथे, काहीतरी पांढुरकं आलं. त्याने फिल्म झटकली. दिव्याजवळ धरली, लांब धरली. होतं. की नव्हतं? हाडावर हाड पडलं की असा आभास होतो, शेकडो वेळा झालाय. याचा निकाल लावायला फार काही लागत नाही. माणसाला जरा मागे रेलवून दुसरी फिल्म काढायची. हाड वर सरकतं, आणि खाली जे उरतं ते खरं. पाच मिनिटांचं काम. एरवी अशा वेळी तो म्हणायचा, "तुम्ही नेहमी सांगता तसं रेलवून एक काढू का, साहेब?" आणि साहेब म्हणायचे, "हो, मी तेच म्हणणार होतो."

पण आज त्याला ते म्हणायचं नव्हतं. आपण म्हटलं की साहेब हो म्हणणार. स्वच्छ म्हटलं तरी हो, सावली म्हटली तरी हो. आपण जे बोलू तेच फिरून आपल्याकडे येणार. एकदा, फक्त आज एकदा, आपल्याआधी दुसऱ्या कुणीतरी बघावं, दुसऱ्या डोळ्यांनी, आणि सांगावं. त्याला पहिल्यांदाच कळलं की चार वर्षं या दवाखान्यात येणारा प्रत्येक माणूस हेच मागायला येत होता, आणि ते इथे नव्हतंच. तरी एक वेडी आशा होती. सूनबाईची फिल्म आहे. कदाचित साहेब जीव ओतून बघतील. कदाचित सकाळी खरंच परीक्षाच घेत असतील.

त्याने फिल्म पेटीवर नीट सुलटी लावली आणि तोंड मिटून उभा राहिला. साहेब वाकले. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. साहेबांचा श्वास काचेवर उमटत होता आणि विरत होता. त्यांचा चेहरा उजव्या बाजूच्या गळ्याखालच्या हाडाजवळ आला, अगदी त्या जागेसमोर आला, आणि पुढे गेला. मग ते थांबले. त्याला वाटलं, दिसलं! पण साहेब फिल्मकडे बघत नव्हते. मान थोडी कलती करून ते कान देत होते.

"काय रे," साहेब म्हणाले, "आज गप्पसा?"

"तुम्ही बघा ना, साहेब."

"बघतोय की." आवाज हलका होता, पण टेबलाची कड धरलेली त्यांची बोटं पांढरी पडली होती. "काही सांगायचंय का तुला?"

"मी काय सांगणार, साहेब? तुम्ही सांगायचं."

साहेब पुन्हा वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. कॉलरच्या वर त्यांची मान दिसत होती, सुरकुतलेली, मागे एक चुकार केस न्हाव्याकडून राहून गेलेला. हा माणूस आता रडेल, असं त्याला वाटलं. त्याने बोलायला तोंडही उघडलं. तेवढ्यात साहेब ताठ झाले आणि त्याच्याकडे वळून भरघोस हसले. "स्वच्छ! अरे, लहान मुलीसारखी छाती आहे सूनबाईंची. घशाचा खोकला आहे, जाईल. तुझ्यासारखा जपणारा नवरा असल्यावर तिला काय होणार?" आणि ते त्याच्याकडे बघत राहिले, डोळे बारीक करून, तो काय म्हणतो याची वाट बघत. आता एक वाक्य पुरलं असतं. साहेब, रेलवून एक काढूया. पण ते वाक्य उच्चारलं की समोरचा चेहरा कोरा होणार होता, कायमचा. आणि मग बाई येणार, खालचा खण उघडणार. "तुमच्या तोंडून ऐकलं आणि जिवात जीव आला, साहेब," तो म्हणाला. हात कागदावर आपोआप चालला. स्वच्छ. साहेबांनी सही केली. सही ओळीच्या बरीच खाली उतरली होती.

बाहेर पॅसेजमध्ये डॉक्टरीणबाई त्याचीच वाट बघत असल्यासारख्या उभ्या होत्या. "मिसेसची फिल्म आहे ना? मी एकदा बघू का?" त्यांनी हात पुढे केला. साधा, धुऊन धुऊन कोरडा पडलेला हात. फिल्मचं पाकीट त्याच्या काखेत होतं. द्यायचं की झालं, इतकं सोपं होतं. सकाळच्या त्यांच्या नजरेवरून त्याला माहीत होतं की त्या आज पाकीट घेतील आणि उद्या कपाटाची किल्ली मागतील. "साहेबांनी बघितलीय, बाई," तो म्हणाला. "त्यांच्यानंतर कुणी बघायचं म्हणजे... पण तुमचाही हात गुणाचा आहे हो, सगळे पेशंट तुमचंच नाव काढतात." बाईंनी हात हळूच मागे घेतला. "मला असं बोललेलं आवडत नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच तो रस्ताभर ते ऐकत राहिला. दुकानांच्या काचा, सिग्नलला थांबलेल्या गाड्या, समोरून येणारी माणसं. प्रत्येकाच्या शर्टाआड त्याला बरगड्या दिसत होत्या. उद्या, तो स्वतःला म्हणत होता. उद्या दुसऱ्या दवाखान्यात नेऊ. साहेबांना कळणार नाही. उद्या नाही तर परवा, तिची पाळी बघून.

बायको खिडकीशी बसून बटण लावत होती. तिने सुई दोऱ्यासकट गादीत टोचली, पाकीट घेतलं, फिल्म बाहेर काढली आणि संध्याकाळच्या उजेडाला धरली. स्वतःच्या बरगड्यांआडून ती समोरची इमारत बघत होती.

"काय म्हणाले साहेब?"

"स्वच्छ आहे म्हणाले."

"आणि तुम्ही?"

"मी कोण? साहेबांनी स्वतः बघितलीय."

"मी साहेबांचं विचारत नाहीये. तुम्हाला काय दिसतंय?"

तो खुर्चीत बसला. बुटाची नाडी सोडायला वाकला, आणि वाकल्या वाकल्या बोलला. "मला पण स्वच्छच दिसतंय. काळजीचं काही नाही. तुझी तब्येत मुळातच चांगली, तुला काय धाड भरलीय?" आवाज मऊ होता, थोडा वर चढलेला. त्याला स्वतःलाच तो ऐकू आला. आता ती म्हणेल, तो दवाखान्यातला आवाज ठेवा बाजूला आणि खरं सांगा. म्हणावंच तिने. तो वाट बघत होता. ती म्हणाली असती तर त्याने सगळं सांगितलं असतं, गळ्याखालचं हाड, ती जागा, साहेबांचे डोळे, ड्रायव्हर, खालचा खण, सगळं.

नाडी सुटली तरी तो वाकलेलाच होता. त्याने मान वर केली तेव्हा ती फिल्मकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही. असं तिने त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. घाबरलेल्या मुलाकडे बघावं तशी ती बघत होती. मग तिने फिल्म पाकिटात घातली, कड नीट दुमडली, पाकीट कपाटावर सरकवून दिलं आणि खोकला ओठांत दाबून, तो पुरता जिरेपर्यंत थांबून, त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग झालं तर," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता. मऊ होता, किंचित वर चढलेला. "तुम्ही बघितलंय ना, मग मला कसली भीती? साहेबांचं काय घेऊन बसलात, तुमच्यासारखी नजर आहे का त्या डॉक्टरांना तरी? लोकांना तर देवासारखे आहात तुम्ही."

हा आवाज कशासाठी काढतात हे या जगात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिला सगळं कळलं होतं. आणि हा माणूस ते पेलू शकणार नाही, हेही कळलं होतं. तिने खांद्यावरचा हात जरा दाबला. तो ताठ बसला, मान थोडी उंच झाली, आणि त्याला फार बरं वाटलं.